कन्फर्म तिकीट असूनही विमानात जागा नाही? तुम्ही येणार की नाही, यावर विमानकंपन्या पैज कशी लावतात

गणपतीला कोकणात जायचं तिकीट काढलंय आणि स्क्रीनवर दिसतंय वेटिंग ४७. आपण काय करतो? एखादं अ‍ॅप उघडतो, पीएनआर टाकतो आणि कन्फर्म व्हायचा चान्स किती टक्के आहे ते बघतो. मग तो आकडा घरच्या ग्रुपवर टाकतो आणि काकांना विचारतो, "एसटीचं पण काढून ठेवू का?"

हे टक्के मागच्या हिशोबावरून काढलेले असतात. याच गाडीला, याच दिवसांत, आधी किती जणांनी तिकीट रद्द केलं होतं, त्यावरून. म्हणजे तुम्ही गाडीत बसणार का, हे दुसऱ्या कुणाचा तरी प्लॅन बदलण्यावर अवलंबून आहे. आणि रेल्वे हे लपवत नाही. वेटिंग नंबर तिकिटावर छापलेला असतो. आरएसी असेल तर साइड लोअरवर दोघांनी बसून जायचं, हेही आधीच माहीत असतं.

विमानाला मात्र वेटिंग नसतं. पैसे भरले की तिकीट कन्फर्म, विषय संपला, असं आपल्याला वाटतं.

प्रत्यक्षात विमानकंपन्याही हाच अंदाज रोज लावत असतात. कोण रद्द करणार, कोण न सांगता येणारच नाही, कोण शेवटच्या दोन दिवसांत दुप्पट पैसे देऊन तिकीट काढणार. या अंदाजावर भाडं ठरतं आणि विमानात आहेत त्यापेक्षा जास्त तिकिटं विकायची का, हेही ठरतं. फरक एवढाच की इथे तुमचा नंबर तुम्हाला दाखवत नाहीत. अंदाज चुकला, तर ते थेट काउंटरवर किंवा गेटवर कळतं.

पुण्याला येणारे सात प्रवासी

सप्टेंबर २०२४ मधली गोष्ट. बंगळुरूहून पुण्याला येणारं आकासा एअरचं विमान होतं. ऐनवेळी विमान बदलावं लागलं आणि पर्यायी विमानातल्या काही सीट वापरण्याजोग्या नव्हत्या. सात प्रवाशांना विमानात घेतलं गेलं नाही. त्यांना नंतरच्या दुसऱ्या विमानाने पाठवलं, पण नियमाप्रमाणे द्यायची भरपाई दिली नाही. डिसेंबरमध्ये डीजीसीएने, म्हणजे देशातल्या विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या यंत्रणेने, कंपनीला १० लाखांचा दंड केला.

त्याआधी जून २०२२ मध्ये एअर इंडियालाही १० लाखांचाच दंड झाला होता. कन्फर्म तिकीट असलेल्या, वेळेत आलेल्या प्रवाशांना विमानात घेतलं नाही आणि भरपाईही दिली नाही, हे डीजीसीएने केलेल्या तपासणीत समोर आलं होतं.

आता नीट बघा. दोन्ही वेळा दंड झाला तो भरपाई बुडवल्याबद्दल. जागेपेक्षा जास्त तिकिटं विकणं हा आपल्याकडे गुन्हाच नाही. विमानं रिकाम्या सीट घेऊन उडू नयेत म्हणून कंपन्या मर्यादित प्रमाणात ओव्हरबुकिंग करू शकतात, हे डीजीसीएच्या नियमातच मान्य केलेलं आहे. मर्यादित म्हणजे किती, याचा आकडा मात्र त्यात नाही.

तो आकडा मग कोण ठरवतं? कंपनीचं सॉफ्टवेअर.

१८० सीट, १८६ तिकिटं

आपण एक साधं गणित करून बघू. आकडे समजण्यासाठी घेतलेत, कुठल्या कंपनीचे नाहीत.

समजा विमानात १८० सीट आहेत. आणि अनुभवावरून कंपनीला माहीत आहे की तिकीट काढलेल्या १०० जणांपैकी सरासरी ९५ जण येतात. बाकीचे ट्रॅफिकमध्ये अडकतात, मीटिंग पुढे ढकलली म्हणून येत नाहीत, किंवा आजारी पडतात. १८० तिकिटं विकली तर सरासरी ९ सीट रिकाम्या जाणार. विमान उडालं की रिकाम्या सीटची किंमत शून्य. मंडईतली संध्याकाळची मेथी तरी निम्म्या भावात जाते, सीट तेवढ्यालाही जात नाही.

म्हणून कंपनी १८४ तिकिटं विकते. सगळ्यांना जागा पुरणार नाही, असं शंभर उड्डाणांत एक-दोनदाच होईल. १८६ विकली तर? ही शक्यता जाते दहा उड्डाणांत साधारण एकदा. आणि १९० विकली तर जवळपास प्रत्येक दुसऱ्या उड्डाणाला गेटवर भांडण.

१८४ ते १९०, फरक सहाच तिकिटांचा. पण धोका दोन टक्क्यांवरून पन्नासवर जातो. त्यामुळे "९५ टक्के लोक येतात" हा अंदाज किती अचूक आहे, यावर सगळा खेळ उभा आहे. ९५ ऐवजी खरा आकडा ९७ असेल, तर हेच गणित पार कोलमडतं.

हे काही नवीन नाही. १९७२ मध्ये बीओएसी या ब्रिटिश कंपनीत काम करणाऱ्या केन लिटलवूड यांनी एक नियम मांडला. स्वस्त तिकीट आत्ता विकायचं, की महाग तिकीट घेणारा गिऱ्हाईक नंतर येईल म्हणून सीट राखून ठेवायची, हे कसं ठरवायचं, त्याचा तो नियम होता. आजच्या बहुतेक प्रणालींच्या मुळाशी तोच विचार आहे. अमेरिकन एअरलाइन्सने पुढे याचं मोठं यंत्रच उभं केलं. त्यांच्या लोकांनी १९९२ मध्ये लिहिलंय की सरासरी निम्मी आरक्षणं शेवटी रद्द होतात किंवा प्रवासी येतच नाहीत, आणि ओव्हरबुकिंग केलं नाही तर फुल्ल झालेल्या उड्डाणांतही साधारण १५ टक्के सीट रिकाम्या जातील. तो काळ वेगळा होता, तिकीट रद्द करायला फारसे पैसे लागत नसत. पण त्या आकड्यांवरून कळतं की कंपन्या या अंदाजाच्या एवढ्या मागे का लागल्या.

तुमच्याबद्दल काय काय बघितलं जातं?

इथे बऱ्याच जणांना वाटतं की कंपनी आपला फोन, आपला सर्च, सगळं बघत असेल. तेवढं लांब जायची गरजच पडत नाही. तुमच्या बुकिंगमध्येच भरपूर माहिती असते.

तिकीट प्रवासाच्या किती दिवस आधी काढलं? एकट्याचं आहे की पाच जणांचं? परतीचंही आहे का? आठवड्याचा कुठला वार, सकाळचं विमान की रात्रीचं? सर्वात स्वस्त भाड्यात काढलंय की बदल करता येणाऱ्या महाग भाड्यात? स्वतः काढलंय की एजंटने, की कंपनीच्या ट्रॅव्हल डेस्कने? पुढे कनेक्टिंग विमान आहे का?

सोमवारी सकाळी मुंबईहून दिल्लीला जाणारा माणूस बहुतेक कामाला निघालेला असतो. तो तिकीट उशिरा काढतो आणि मीटिंग हलली की तारीख बदलतो. मे महिन्यात गोव्याला निघालेलं कुटुंब दोन-तीन महिने आधी सगळ्यात स्वस्त तिकीट काढतं आणि काहीही झालं तरी जातं, कारण हॉटेलचेही पैसे भरलेले असतात. पहिल्या प्रकारच्या विमानात जास्त तिकिटं विकायला वाव असतो, दुसऱ्यात कमी. प्रत्येक मार्गावर, प्रत्येक वेळेला, दिवस जवळ येतील तसं बुकिंग कसं भरत जातं याचा एक आलेख कंपनीकडे असतो. आजचं बुकिंग त्या आलेखाच्या वर चाललंय की खाली, हे बघून भाडं हलतं.

आता सगळ्यांचा आवडता प्रश्न. तेच तिकीट परत परत सर्च केलं की भाडं वाढतं का? इन्कॉग्निटोमध्ये बघावं का?

भाडं वाढायचं नेहमीचं कारण याहून साधं आहे. एका विमानातल्या सीट वेगवेगळ्या भावांच्या कप्प्यांत विभागलेल्या असतात. सर्वात स्वस्त कप्प्यातल्या सीट संपल्या की पुढचा महाग कप्पा दिसायला लागतो. तुम्ही दुपारी बघितलं तेव्हा स्वस्तातल्या दोन शिल्लक होत्या, रात्री बायकोला दाखवेपर्यंत कुणीतरी घेतल्या. उलटंही होतं. कुणी रद्द केलं किंवा बुकिंग अपेक्षेपेक्षा हळू भरत असलं, की स्वस्त कप्पा परत उघडतो आणि भाडं खाली येतं. आणि चौघांचं तिकीट एकदम शोधलं, पण स्वस्त कप्प्यात दोनच सीट असल्या, तर बऱ्याचदा चौघांनाही वरच्या कप्प्याचा भाव लागतो. दोन-दोन करून बघा, कधीकधी फरक पडतो.

माणसं म्हणजे नाणी नाहीत

वरच्या १८० सीटच्या गणितात एक मोठी गडबड आहे. त्यात असं धरलंय की प्रत्येक प्रवासी स्वतंत्रपणे ठरवतो, येणार की नाही. जणू १८० नाणी वेगवेगळी उडवली.

प्रत्यक्षात लग्नाला निघालेले अकरा जण एकाच बुकिंगमध्ये असतात. आजीची तब्येत बिघडली तर अकराच्या अकरा रद्द. जुलैत मुंबईत पाऊस पडला आणि पश्चिम द्रुतगती मार्ग तुंबला, की एका तासात निघणाऱ्या दहा विमानांचे प्रवासी एकदमच अडकतात. आणि एखाद्या विमानाला सगळेच्या सगळे हजर, असंही होतं. सलग सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी कोण घरी राहतंय? सरासरी बरोबर निघते आणि तो एक दिवस चुकतो. गेटवर राहिलेल्या माणसाला सरासरीशी काय देणंघेणं?

दुसरी अडचण म्हणजे इतिहासच नसणं. २५ डिसेंबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी उड्डाणं सुरू झाली. पनवेलचा माणूस आता कुठून जाणार? पुण्याचा माणूस एक्स्प्रेसवेवरून उतरून इथेच थांबणार का? अंधेरीत राहणारा माणूस स्वस्त मिळालं म्हणून नवी मुंबईचं तिकीट काढेल आणि आदल्या रात्री अंतर बघून बेत बदलेल का? जुन्या मुंबई विमानतळाची वर्षानुवर्षांची माहिती इथे अर्धीच कामाची. गोव्यात हा अनुभव येऊन गेलाय. जानेवारी २०२३ मध्ये मोपा सुरू झाल्यापासून तिकीट काढताना दाबोळी की मोपा हे बघावं लागतं. एक दक्षिणेला, एक पार उत्तर टोकाला. चुकीच्या विमानतळावर पोचलेला माणूस कंपनीच्या हिशोबात फक्त "आला नाही" एवढाच असतो.

आणि मग डिसेंबर २०२५ चा पहिला आठवडा. वैमानिकांच्या ड्युटी आणि विश्रांतीचे नवे नियम नोव्हेंबरपासून पूर्ण लागू झाले होते. इंडिगोकडे त्या वेळापत्रकाला पुरतील एवढे वैमानिक नव्हते. उड्डाणं रद्द व्हायला लागली, ५ डिसेंबरला तर एका दिवसात हजाराहून जास्त. देशांतर्गत प्रवाशांपैकी साठ टक्क्यांहून जास्त लोक ज्या कंपनीने जातात, तीच बसली म्हटल्यावर बाकीच्यांच्या भाड्यांचं काय झालं ते आपण सगळ्यांनी स्क्रीनशॉटमध्ये पाहिलं. शेवटी ६ डिसेंबरला सरकारने भाड्यावर मर्यादा घातली. कर वगैरे सोडून ५०० किलोमीटरपर्यंत साडेसात हजार आणि दीड हजार किलोमीटरच्या पुढे १८ हजार.

भाडं वाढवणाऱ्या प्रणालीला त्या दिवशी एवढंच दिसत होतं की सीट झपाट्याने संपतायत. माणसं मुलाखतीला, परीक्षेला, अंत्यविधीला निघालीत आणि त्यांना दुसरा मार्ग उरलेला नाही, हे तिला दिसत नाही. एकेका माणसाने घाबरून तीन-तीन तिकिटं काढून ठेवली असतील आणि त्यातली दोन नंतर रद्द होणार असतील, हेही नाही.

चुकीची किंमत कोण ठरवतं?

आता मुख्य मुद्दा. कंपनी किती जास्त तिकिटं विकणार, हे फक्त अंदाजावर ठरत नाही. प्रणालीला दोन किमती सांगाव्या लागतात. एक सीट रिकामी गेली तर नुकसान किती? आणि एक प्रवासी गेटवर राहिला तर खर्च किती? पहिली जास्त आणि दुसरी कमी असेल तर गणित सांगतं, विका अजून दोन. दुसरी वाढवली की तेच गणित सांगतं, थांबा.

दुसरी किंमत आपल्याकडे नियमाने ठरते. नियम असा आहे. जागा कमी पडली तर कंपनीने आधी विचारायचं, कुणी स्वतःहून थांबायला तयार आहे का, आणि त्याबदल्यात काहीतरी द्यायचं. कुणी तयार नसेल आणि तुम्हाला जबरदस्तीने थांबवलं, तर भरपाई. मूळ वेळेपासून एका तासाच्या आत निघणाऱ्या दुसऱ्या विमानात बसवलं तर काही नाही. २४ तासांच्या आत निघणाऱ्या विमानात बसवलं तर एका बाजूचं मूळ भाडं आणि इंधन अधिभार मिळून जे होईल त्याच्या २०० टक्के, पण जास्तीत जास्त १० हजार रुपये. त्याहून उशीर झाला तर ४०० टक्के, जास्तीत जास्त २० हजार. दुसरं विमान नको असेल तर तिकिटाचे पूर्ण पैसे आणि वर ४०० टक्के, तीही २० हजारांपर्यंतच.

या मर्यादा ऑगस्ट २०१६ पासूनच्या आहेत. तेव्हापासून भाडी कुठे गेली ते सांगायला नको.

एका तासाच्या सवलतीकडे बघा. मुंबई-दिल्लीसारख्या मार्गावर मोठ्या कंपनीची विमानं दिवसभर एकामागून एक असतात. तासाभरात दुसऱ्या विमानात जागा निघाली तर एक माणूस खाली ठेवण्याचा खर्च जवळपास शून्य. आता कोल्हापूर किंवा नांदेड घ्या, जिथे दिवसाला मोजकीच उड्डाणं. तिथे राहिलेला माणूस बहुधा दुसऱ्या दिवशीच निघणार. पण तो २४ तासांच्या आत बसला तर भरपाई १० हजारांच्या वर जात नाही. त्याचं तिकीट साडेतीन हजार मूळ भाड्याचं असेल तर सात हजार. रात्रीचं हॉटेल, बुडालेला दिवस, पुढची चुकलेली गाडी, सगळं त्यातच बसवायचं. युरोपात अशा वेळी अंतर बघून २५० ते ६०० युरो ठरलेले आहेत, तिकीट कितीला घेतलं होतं याच्याशी संबंध नाही.

अमेरिकेत या प्रश्नावर फार जुनी लढाई झालीय. १९६८ मध्ये ज्युलियन सायमन या अर्थशास्त्रज्ञाने सुचवलं होतं की गेटवर लिलाव करा. जो सर्वात कमी पैशांत थांबायला तयार, त्याला ते पैसे द्या. कंपन्यांनी ती कल्पना उडवून लावली. १९७२ मध्ये ग्राहक चळवळीतले नेते राल्फ नेडर यांनाच कन्फर्म तिकीट असताना विमानात घेतलं नाही. त्यांनी खटला भरला आणि तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. १९७८ मध्ये तिथल्या नियामकाने आधी स्वेच्छेने थांबणारे शोधायचे, ही पद्धत आणली. आपल्या नियमातली "आधी विचारा" ही अट त्याच विचारातली.

आणि एप्रिल २०१७. शिकागोच्या विमानतळावर युनायटेड एअरलाइन्सच्या विमानात बसलेले डॉक्टर डेव्हिड डाओ यांना सीटवरून ओढत बाहेर नेलं. व्हिडिओ तुम्ही नक्की पाहिला असेल. तिथे खरं तर कंपनीला स्वतःच्या चार कर्मचाऱ्यांसाठी जागा हव्या होत्या. जगभर छी थू झाल्यावर कंपनीने जाहीर केलं की स्वेच्छेने थांबणाऱ्याला १० हजार डॉलरपर्यंत देऊ. त्यानंतर अमेरिकेत जबरदस्तीने खाली ठेवल्या जाणाऱ्या प्रवाशांचं प्रमाण झपाट्याने खाली आलं.

काही महिन्यांत तिथलं सॉफ्टवेअर अचानक हुशार झालं नव्हतं. चूक महाग झाली होती.

आपल्याकडची खरी गंमत अशी की कागदावरची किंमतही पूर्ण वसूल होत नाही. आकासा आणि एअर इंडिया दोन्ही प्रकरणांत भरपाई द्यायचीच राहिली होती. काउंटरवर "पुढच्या विमानात बसवतो ना" म्हटलं की बहुतेक जण गप्प बसतात, कारण त्यांना मुळात कुठेतरी पोचायचं असतं. भरपाई मागितलीच नाही, की कंपनीच्या हिशोबात त्या चुकीचा खर्च आणखी कमी. पुढच्या वेळचा आकडा त्यावरच निघणार. वेळेत चेक-इन करायला आलात आणि तरी थांबवलं, तर कारण लेखी मागा, बोर्डिंग पास किंवा तिकिटाचा फोटो ठेवा, आणि कंपनीने दाद दिली नाही तर सरकारच्या एअरसेवा अ‍ॅपवर तक्रार टाका. एक मात्र लक्षात ठेवा, देशांतर्गत विमानाचे काउंटर साधारण तासभर आधी बंद होतात. त्यानंतर पोचलात तर ही भरपाई विसरा.

न सांगता न येणाऱ्यांचे पैसे

हाच खेळ उलट्या बाजूनेही चालतो. तुम्ही तिकीट रद्द करता तेव्हा कंपनीला एक फार कामाची माहिती मिळते. ही सीट रिकामी आहे, परत विका. जितकी लवकर कळेल तितकं चांगलं.

पण स्वस्त तिकीट रद्द करायला गेलं की काय दिसतं? रद्द करण्याचा खर्च जवळपास मूळ भाड्याएवढाच. मूळ भाडं आणि इंधन अधिभार यापेक्षा जास्त कापता येत नाही, असा नियम आहे, पण तिथपर्यंत कापता येतं. मग माणूस म्हणतो, जाऊ दे, काय मिळणार आहे? आणि रद्द न करता गप्प बसतो. म्हणजे कंपनी स्वतःच्या हाताने ती माहिती घालवते आणि मग कोण येणार नाही याचा अंदाज लावत बसते. ती सीट कंपनीने ओव्हरबुकिंगमध्ये दुसऱ्यालाही विकलेली असेल, तर एकाच सीटचे दोनदा पैसे.

पण "काय मिळणार आहे" याला उत्तर आहे. तुम्ही विमानाला गेलाच नाहीत, तरी तिकिटातले सरकारी कर आणि युजर डेव्हलपमेंट फीसारखे विमानतळाचे शुल्क परत द्यावे लागतात. भाडं अजिबात परत न मिळणारं असलं तरी. हा नियमही २०१६ पासून आहे. मुंबई-पुण्याच्या किती जणांनी हे पैसे कधी मागितलेत? तिकिटाचं बिल उघडा, त्यात कर आणि शुल्क वेगळे लिहिलेले असतात. चौघांचं तिकीट वाया गेलं असेल तर ती रक्कम काही चहापाण्याची नसते.

नोव्हेंबर २०२५ मध्ये डीजीसीएने रिफंडच्या नियमांचा नवा मसुदा काढला. त्यात तिकीट काढल्यापासून ४८ तासांत फुकट रद्द किंवा बदल करता यावा, असं सुचवलं होतं. अट अशी होती की तिकीट काढताना देशांतर्गत प्रवासाला किमान ५ दिवस आणि परदेशी प्रवासाला १५ दिवस बाकी हवेत. आधीपासूनची सवलत २४ तासांची होती आणि प्रवास किमान सात दिवस लांब असावा लागायचा. एजंट किंवा पोर्टलवरून काढलेल्या तिकिटाच्या रिफंडची जबाबदारीही विमानकंपनीचीच, असंही मसुद्यात होतं. पोर्टल म्हणतं कंपनीला विचारा, कंपनी म्हणते पोर्टलला विचारा, या टोलवाटोलवीत अडकलेल्यांना याचं महत्त्व सांगायला नको.

कंपन्यांना ४८ तास आवडणार नाहीत, आणि त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. लोक तीन कंपन्यांची तिकिटं काढून ठेवतील, दोन दिवस विचार करतील, दोन रद्द करतील. तेवढ्या वेळात स्वस्त कप्पा भरलेला दिसेल आणि बाकीच्यांना महाग भाव लागेल. पण यातून रद्द होण्याची बातमी लवकर मिळेल, प्रवासाच्या किमान तीन दिवस आधीच. शेवटच्या तासाला न येणारा प्रवासी कंपनीला जास्त महाग पडतो. अशा बुकिंगपैकी किती टिकतील, हेच तर ओळखायला ही सगळी प्रणाली बसवलीय. पहिल्या सहा महिन्यांत तिचे अंदाज हुकतील, नंतर लोकांची सवय तिच्याही अंगवळणी पडेल.

मसुद्यात एक गोष्ट मला मात्र तोकडी वाटते. फुकट रद्द करायची मुभा वाढवायचा विचार होता, पण गेटवर राहिलेल्या माणसासाठी २०१६ च्या त्याच १० आणि २० हजारांच्या मर्यादा आहेत. ४८ तासांसारखी सवलत पहिल्याच आठवड्यात सगळ्यांच्या रील्समध्ये येते. दुसरा आकडा वाढला तर तो कुणाच्या स्क्रीनवर दिसणारही नाही, पण कंपनीच्या प्रणालीत १८६ चं १८४ त्यानेच होतं.